मावशीला विचारा: चित्रं काढून डोकं बरं होतंय व्हय?

मावशी,
मी कोल्हापुरात फुलेवाडीत राहते, वय 31, माहेर चिखली. 2019 च्या ऑगस्टमधल्या महापुरात मी माहेरी होते, कडेवर दहा महिन्यांचं पोरगं. दुसऱ्या दिवशी आम्हाला बोटीनं बाहेर काढलं. त्या रात्री काय झालं ते मी कुणालाच सांगितलेलं नाही, म्हणजे सांगायला गेले की घसाच बंद होतो. पाऊस लागला की झोप उडते, छातीत धडधडतं, पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी मोबाईलवर सारखी बघत बसते, नवरा वैतागतो. दिवाळीपासून काउन्सेलर मॅडमकडं जाते, सायकियाट्रिस्टची एक गोळी पण चालू आहे. धडधड कमी झाली पण त्या रात्रीचा विषय निघाला की मी गप्प. मागच्या वेळी मॅडम म्हणाल्या, आर्ट थेरपी करणाऱ्या एक ताई आहेत, त्यांच्याकडं पण जाऊन बघ, माझ्याकडं येणं चालूच ठेव. मला वाटलं मॅडमनी हात टेकले. सासूबाई म्हणतात, चित्रं काढून कुठं डोकं बरं होतंय व्हय, पोराच्या वहीत काढ की फुकटात. आणि मला चित्रकला येतच नाही, शाळेत बाईंनी माझा हत्ती सगळ्या वर्गाला दाखवून हसवलं होतं. जाऊ का नको? गोळी बंद करता येईल का त्यामुळं? बहिणीला सोबत नेलं तर चालेल का?
— गप्प गप्प, फुलेवाडी

जा. आणि गोळी बंद करू नको. ही दोन उत्तरं आधीच देऊन टाकते म्हणजे बाकीचं निवांत वाचशील.

मॅडमनी हात टेकले असते तर "माझ्याकडं येणं चालूच ठेव" असं म्हणाल्या नसत्या, हे वाक्य तूच लिहिलंयस आणि तूच त्याच्यावरनं उडी मारून पुढं गेलीस. हात टेकलेली माणसं तोच तोच प्रश्न फिरवून विचारत राहतात, नाहीतर "तुमचीच तयारी नाही" म्हणून तुझ्यावर ढकलून मोकळी होतात. तुझ्या मॅडमना दिसलंय की गोळीनं आणि बोलण्यानं धडधड आटोक्यात आली, पण त्या रात्रीपाशी आलं की तू थांबतीस, आणि तिथं नुसतं "सांग, सांग" करून काय होत नसतंय. मला विचारशील तर हे कसबी माणसाचं लक्षण आहे.

आता घसा का बंद होतो ते. तुझ्या लग्नात काय काय झालं असं विचारलं तर तू हळदीपासनं सुरू करशील आणि आधी हे मग ते असं सांगत जाशील, मध्ये कोण रुसलं ते पण सांगशील. जिवावर बेतलेली रात्र बऱ्याच जणांच्यात तशी साठत नाही, ती तुकड्या तुकड्यानं राहते, गाळाचा वास, अंधारात कुठंतरी भांडी आपटल्याचा आवाज, लाईफ जॅकेटचा नारंगी रंग, आणि ह्या तुकड्यांना आधी-नंतर नसतंय, म्हणून पाऊस लागला की ते "तेव्हा झालं" असं न वाटता "आत्ता होतंय" असं वाटतं. 1996 साली मेंदूचं स्कॅनिंग करून एक अभ्यास झाला होता, अशा आघातातनं गेलेल्या लोकांना त्यांचीच गोष्ट ऐकवली तेव्हा मेंदूतला बोलणं जुळवणारा भाग थंडावलेला दिसला आणि बघण्याशी संबंधित भाग जोरात. अगदी मोजक्या माणसांवरचा अभ्यास आहे, त्याच्यावर सगळा इमला बांधू नये, पण तुझ्यासारखी माणसं समोर बसली की तो आठवतो. आणि हो, तुला अमुक आजार आहे असं मी पत्रावरनं म्हणणार नाही, ते तुझ्या डॉक्टरांचं काम.

तर जे शब्दात येत नाही ते आधी कागदावर आलं तर चालतंय का, एवढीच ह्या सगळ्यामागची कल्पना. नवीन खूळ नाही हे. एड्रियन हिल नावाच्या इंग्रज चित्रकाराला टीबी झाला, सॅनेटोरियममध्ये पडून पडून तो चित्रं काढायला लागला, मग बाकीच्या पेशंटांना पण काढायला लावलं, आणि 1942 मध्ये त्यानं ह्याला आर्ट थेरपी हे नाव दिलं. पुढं ब्रिटनमध्ये, अमेरिकेत त्याचं रीतसर शिक्षण उभं राहिलं, संघटना झाल्या, तिकडं तो वेगळा पेशाच आहे.

आत गेल्यावर काय होतं ते सांगते, कारण तुझ्या डोक्यात अजून तो चित्रकलेचा तास आहे. टेबलावर कागद, तेलखडू, स्केचपेन, कोळसा, जुनी मासिकं-कात्री-डिंक, कधी शाडू. ताई आधी रात्रीचा विषय काढणारच नाहीत, काढला तर मला नवल वाटेल. "आज कसं वाटतंय ते नुसत्या रेघांनी दाखव" इतकं साधं काहीतरी असेल. मग तू काढलेलं तुम्ही दोघी बघणार, आणि त्या विचारतील की ही रेघ इथंच का थांबली, हा कोपरा मोकळा ठेवलास, तिथं काय असतं. उत्तर द्यायचं तर दे, नाहीतर "माहीत नाही" म्हण. मार्क नाहीत, फ्रेम करून भिंतीवर लावायचं नाही.

एक गोष्ट मात्र तू पहिल्याच दिवशी त्यांना स्वतःहून सांग, विसरू नको: तुझी भीती पाण्याची आहे. कारण साहित्य सगळं सारखं नसतंय. 1978 मध्ये कॅगिन आणि लुसेब्रिंक ह्या दोघींनी हे नीट मांडून ठेवलंय, पेन्सिल, खडू, कात्रणं ही हाताच्या ताब्यात राहणारी साधनं, आणि पातळ रंग वाहतात, पसरतात, त्यांच्याबरोबर भावना पण पटकन सुटतात. बाकी कुणाला वॉटरकलर दिला तर फार तर चित्र खराब होईल, पण तू ओल्या कागदावर ब्रश टेकवलास आणि मातकट रंग आपोआप कडेपर्यंत पसरत गेला, तुझ्याच्यानं थांबेना, तर तुझ्यासाठी ते चित्र राहणारच नाही. शाडूचं पण तसंच, पाण्यात भिजवलेल्या मातीचा वास तुला गणपतीच्या आधी चिखलीला नेऊन सोडेल. म्हणजे हे कधीच करायचं नाही असं नाही, उलट काही महिन्यांनी त्या ताई मुद्दाम तुझ्या हातात थोडं थोडं पाणी देतीलही, वाहणारा रंग तू थांबवलास हे हाताला कळणं पण मोठं काम आहे. पण सुरुवात कोरड्या खडूनं. तू पाण्याचं सांगितल्यावर त्यांनी लगेच साहित्य बदललं तर समज बाई जाणकार आहेत, आणि "काही होत नाही, करून तर बघ" म्हणाल्या तर तिथंच थांब आणि मॅडमना सांग.

मुद्द्याची गोष्ट आता, ह्या दोन्हीचा सांधा कसा बसतो. तिकडं चित्र काढलं, घरी आलीस, इकडं मॅडमकडं जाऊन परत गप्प बसलीस, तर पैसे दोन्हीकडं गेले. चित्र मॅडमच्या खोलीत गेलं पाहिजे, मूळ कागद नाहीतर मोबाईलमधला फोटो. समज तू एक जिना काढलास. पायऱ्या मोजून, खालच्या चार पायऱ्या तपकिरी, वर माणसं नाहीत. मॅडम आता "त्या रात्री काय झालं" असं विचारणार नाहीत, त्या विचारतील "पाचव्या पायरीवर कोण उभं होतं?" आणि ह्या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता येतंय. आबा. मग सहाव्या पायरीवर कोण. असं करत करत रात्रीला आधी-नंतर यायला लागतं, आणि बोलण्याच्या थेरपीला नेमकं तेवढंच पाहिजे असतं, हातात धरायला काहीतरी. हे सगळं एका बैठकीत होईल असं धरू नको. कदाचित त्या जिन्यावर तुम्ही महिनाभर बसाल, कदाचित तू जिना काढणारच नाहीस, म्हशीचं दावं काढशील.

दोघींनी एकमेकींशी बोलावं ह्याला तुझी परवानगी लागते, ती दे, पण काय बोलायचं ते ठरवून. "झोप, गोळी, काय झेपतंय काय नाही एवढं एकमेकींना सांगा, बाकी मी सांगेन" असं म्हणता येतं, तुझा हक्क आहे तो.

ती राजाराम बंधाऱ्याची पातळी तू सारखी बघतीस ना, त्याचाच उपयोग करू. 39 फूट इशारा, 43 फूट धोका, हे कोल्हापुरात पोरासोरांना पाठ आहे. कागदावर उभी पट्टी काढ, आणि तिच्यावर नदीचं पाणी न मांडता तुझं स्वतःचं मांड. खाली निवांत असताना अंगात काय असतं, मग जरा चढलं की काय, जबडा आवळतो का, पोराला उगंच ओरडतीस का, ते रंगानं भर. 39 ला तुझ्यात काय दिसतं ते ठरव, आणि तिथं काय करायचं ते शेजारी लिही, मोबाईल नवऱ्याकडं द्यायचा, पाय जमिनीवर टेकवून खोलीतल्या पाच वस्तू मोठ्यानं म्हणायच्या, काय जमेल ते. 43 ला कुणाला फोन करायचा ते नावानिशी. ही पट्टी मॅडमकडं घेऊन जा, काउन्सेलिंगमध्ये शून्य ते दहा असं मोजायला सांगतात तेच हे, फक्त तुझ्या गावचं माप. नदी 30 फुटावर असताना तू 41 वर असशील, आणि हे दोन आकडे वेगळे आहेत हे डोळ्यांनी बघणं हाच निम्मा इलाज आहे असं माझं मत.

ह्यानं खरंच फरक पडतो का, का नुसता टाईमपास? 2016 मध्ये अमेरिकेतल्या ड्रेक्सेल युनिव्हर्सिटीत 39 जणांना 45 मिनिटं हवं ते करायला दिलं, स्केचपेन, माती, कोलाज, आणि आधी-नंतर लाळेतलं कॉर्टिसॉल म्हणजे ताणाचं हार्मोन मोजलं. सुमारे 75 टक्के लोकांचं कमी झालं. तुझ्या हत्तीसाठी खास बातमी, चित्रकलेचा अनुभव असणाऱ्या-नसणाऱ्यांच्यात फरक निघाला नाही. पण एका बैठकीचा ताण उतरणं वेगळं आणि महापूर उतरणं वेगळं. उलट बाजू पण ऐक, 2012 मध्ये ब्रिटनमध्ये स्किझोफ्रेनियाच्या 417 पेशंटांवर मोठी चाचणी झाली, गटात आर्ट थेरपी देऊन बघितली, नेहमीच्या उपचारापेक्षा काही जास्त फायदा दिसला नाही. तुझा त्रास तो नाही, पण कुणी "सगळ्यावर रामबाण" म्हणून विकायला लागलं तर हे ध्यानात असू दे. आघाताच्या त्रासावर सगळ्यात भक्कम पुरावा अजून त्या आघातावर नेम धरून केलेल्या बोलण्याच्या थेरपीचा आणि ईएमडीआरचा (डोळे इकडून तिकडं हलवत ती आठवण हाताळायची पद्धत) आहे, डब्ल्यूएचओनं 2013 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या त्यात पण हीच नावं आहेत. म्हणूनच म्हणते, आर्ट थेरपी जोडीला घे, मॅडमच्या जागेवर नको. आणि गोळीचं तर सांगितलंच, बरं वाटायला लागलं म्हणून स्वतःच्या मनानं बंद केलेली गोळी काय काय खेळ करते ते तुझ्या डॉक्टरांना विचार, कमी करायची झाली तर तेच पायरीपायरीनं करतील.

चित्रकला येत नाही ह्याचं मात्र मला हसू आलं आणि वाईट पण वाटलं. कोल्हापुरात जन्माला यायचं आणि चित्र यायचं नाही म्हणजे अवघडच की. आबालाल रहिमान आपले, बाबूराव पेंटर आपले, राजारामपुरीत चंद्रकांत मांडरेंचं कलादालन, नटानं पावडर शेडिंगनं काढलेली चित्रं बघून माणूस गार होतो. गल्लीत एक तरी काका असतोच कलानिकेतनला गेलेला, जो तुझी रांगोळी बघून "प्रपोर्शन चुकलं" म्हणतो. ह्या गावात चित्र म्हणजे कसब, आणि कसब नसलं की लाज. थेरपीतल्या चित्राला कसबाची गरजच नाही, कधी कधी कसब आडवं येतं, चांगलं काढणारा माणूस छान काढण्याच्या आड लपतो. तुला ती सोय नाही, बरंच आहे. आणि त्या बाईंना तेव्हा कुणीतरी चार शब्द सुनवायला पाहिजे होते.

ताई कोण, कुठं शिकल्या, हे विचारायला लाजू नको. आपल्याकडं क्लिनिकल सायकॉलॉजिस्टना आरसीआयची म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाची नोंदणी लागते, तो नंबर मागता येतो. आर्ट थेरपिस्टला असं सक्तीचं लायसन नाही, म्हणून दोन दिवसाचं वर्कशॉप केलेलं माणूस पण पाटी लावून बसू शकतं. किती काळाचं शिक्षण, कुणाच्या देखरेखीखाली काम केलं, महापूर-अपघात असल्या केसेस आधी हाताळल्या आहेत का, चित्रं कुणाकडं राहणार, फोटो कुठं टाकणार का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर "तुला विचारल्याशिवाय नाही" हेच पाहिजे. हॉटेलच्या हॉलमध्ये रविवारी मंडला रंगवायला बोलवतात ते पण वाईट नाही, मैत्रिणीबरोबर जा, चहा पी, डोकं शांत होतं, पण तिथं त्या रात्रीचं काही उघडू नको, तुला सावरायला तिथं कुणी नसतंय.

आणि चित्र बघून तुझं भविष्य सांगणारं कुणी भेटलं, "लाल वापरलास म्हणजे राग, काळा म्हणजे डिप्रेशन, झाडाला मुळं नाहीत म्हणजे असुरक्षित", तर सरळ उठून ये. रंगांची अशी डिक्शनरी नसते. आपल्याकडं तांबडा म्हटलं की रस्सा आठवतो, त्याचं काय करणार. तुझ्या चित्राचा अर्थ तू सांगशील तो. नवऱ्याला पण हे सांग, आणि कौतुकानं स्टेटसला ठेवू नको म्हणावं.

सासूबाईंचं. त्यांच्याशी वाद घालत बसू नको, "मॅडमनी सांगितलंय, औषधाचाच भाग आहे" एवढं बास. खरं तर त्यांचं निम्मं बरोबर पण आहे, घरी वहीत काढायला काय हरकत नाही, फक्त पोराच्या वहीत नको. ती त्याची आहे, त्यानं उघडून विचारलं "आई हे काय" तर काय सांगशील. महाद्वार रोडवरनं स्वतःची एक वही आणि तेलखडूचा डबा घे आणि कपाटात ठेव. घरी साधंच काढ, आजचा दिवस, ती पट्टी, चहाचा कप. ती रात्र घरी एकटीनं काढायला बसू नको, ती त्या खोल्यांसाठी. काढल्यानंतर झोपच लागेना, अंग सुन्न झालं, नाहीतर जगण्यात राम नाही असलं काही मनात यायला लागलं, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, मॅडमना त्याच दिवशी फोन. रात्र असेल तर 14416, टेली मानस हेल्पलाईन, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात.

पैशाचं तू लिहिलं नाहीस पण सासूबाईंच्या "फुकटात" मध्ये दिसतंय. दोन्ही दर आठवड्याला झेपणार नसेल तर एक आठवडा ह्या, एक आठवडा त्या, असं चालतंय, मॅडमना स्पष्ट विचार. ताईंची फी आवाक्याबाहेर असेल तर मॅडमनाच सांग की मला बोलताना समोर कागद-खडू ठेवा, बरेच काउन्सेलर एवढं करतात, ती रीतसर आर्ट थेरपी नव्हे पण तुझा घसा मोकळा करायला कदाचित तेवढं पुरेल. सायकियाट्रिस्टचा खर्च जड जात असेल तर सीपीआर सरकारी दवाखान्यात मानसोपचाराची ओपीडी आहे, गर्दी असते, सकाळी लवकर जा.

जूनची वाट बघू नको. राधानगरी धरणाचे दरवाजे उघडल्याचे मेसेज सुरू झाले की तुला नवीन माणसासमोर बसणं जड जाणार, आत्ता ऊन आहे तोवर दोन-चार बैठका होऊ देत, ताईंची आणि तुझी ओळख होऊ दे. ऐन पावसात त्या रात्रीचं काम थांबवून नुसतं त्या पट्टीवर, झोपेवर काम करायचं असं दोघी ठरवतील कदाचित, तेव्हा परत "हात टेकले" म्हणू नको.

बहिणीला ने की. पण ती पण त्या रात्री त्याच घरात होती का, ते तू लिहिलं नाहीस. असेल तर तिला बाहेर बसव, आत नको, तुझा जिना बघून तिचा जिना सुरू व्हायचा. नसेल तरी पहिल्या दिवशी बाहेरच, येताना दोघी खाऊन-पिऊन या.

— मावशी